हवेवर तरलेले चाक

जॉन बॉइड डनलॉप सातमाशी जन्मले. ५ फेब्रुवारी १८४० रोजी, स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यातील ड्रेगहॉर्न या खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात. मूल वेळेआधी दोन महिने आले, तेव्हा ते नाजूकच राहणार, असे आईवडिलांनी गृहीत धरले आणि पुढे मुलालाही तसे सांगितले. मुलाने ते इतके मनावर घेतले की आयुष्यभर प्रकृतीला जपण्यात त्यांनी कसूर केली नाही. दगदग टाळायची, धावपळ करायची नाही, बेताने वागायचे. प्रत्यक्षात वयाच्या ८१ व्या वर्षापर्यंत त्यांना कोणताही गंभीर आजार झाला नाही. शरीराला धक्का लागू नये म्हणून जपणाऱ्या या माणसाने पुढे साऱ्या जगाच्या प्रवासातील धक्के कमी केले. आज आपण ज्या हवेच्या टायरवर बसून कामाला जातो, तो व्यवहारात आणला तो याच पशुवैद्याने.

गाडीचे टायर बदलायची वेळ आली, विशेषतः मूळ चाके काढून बाहेरून घेतलेली मोठी अलॉय व्हील्स बसवलेली असली, की दुकानात आकडे, अक्षरे आणि सल्ले यांचा भडिमार होतो. त्या आकड्यांमागे काय दडले आहे, हे डनलॉप यांच्या आयुष्याकडे पाहिले तर बरेच स्पष्ट होते.

घोड्यांचा डॉक्टर

शेतीचे अंगमेहनतीचे काम नाजूक मुलाला झेपणार नाही, म्हणून जॉनला शिकवायचे ठरले. एडिंबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन वयाच्या अवघ्या १९ व्या वर्षी ते पात्र पशुवैद्य झाले. काही वर्षे स्कॉटलंडमध्ये काम केल्यावर १८६७ मध्ये ते समुद्र ओलांडून आयर्लंडला गेले. आधी डाउनपॅट्रिक या गावी त्यांनी भावासोबत दवाखाना चालवला आणि नंतर बेलफास्ट शहरात मे स्ट्रीटवर स्वतःचा जम बसवला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा झाला.

१८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत डनलॉप यांचा दवाखाना आयर्लंडमधील सर्वांत मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गणला जाऊ लागला होता. त्या काळी शहराची सारी वाहतूक घोड्यांवर चालत असे. मालाच्या गाड्या, बग्ग्या, ट्राम, सगळ्यांना घोडेच जुंपलेले. घोडा लंगडला तर मालकाचा धंदा बसायचा. त्यामुळे डनलॉप यांचा दिवस घोड्यांचे खूर, सांधे आणि खांदे तपासण्यात जाई. दगडी रस्त्यावरून, लोखंडी धाव चढवलेली चाके ओढताना जनावराचे किती हाल होतात, हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेले लोक थोडे असतील.

आपल्याकडच्या बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवून चढवत, तशीच ही लोखंडी धाव. लाकूड झिजू नये, चाक सुटू नये, हे काम ती चोख करते. मात्र रस्त्यावरचा प्रत्येक दगड ती चाकाकडे, चाकाकडून आसाकडे आणि आसाकडून माणसाच्या पाठीकडे जसाच्या तसा पोचवते. सायकलींना तोवर भरीव रबराची पट्टी लावली जाऊ लागली होती, पण तिच्याने आवाज कमी झाला तरी हादरे फारसे कमी झाले नव्हते. सुरुवातीच्या सायकलींना युरोपात हाडे खिळखिळी करणारे यंत्र म्हणत, ते उगाच नव्हे.

अंगणातला प्रयोग

डनलॉप यांचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती आणि बेलफास्टचे रस्ते दगडी चिऱ्यांचे, त्यात ट्रामचे रूळ. सायकल चालवताना फार हादरे बसतात, वेग घेता येत नाही, ही त्याची तक्रार. वडिलांनी ती घोड्याची तक्रार ऐकावी तशी ऐकली, म्हणजे दुखणे कुठून येते ते शोधायला सुरुवात केली.

रबर त्यांना नवीन नव्हते. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी गंधकासोबत रबर तापवून ते टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट १८४४ मध्ये घेतले होते. तेव्हापासून रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होण्याची अडचण दूर झाली होती. ऑक्टोबर १८८७ मध्ये डनलॉप यांनी लाकडाची एक गोल तबकडी घेतली. पातळ रबराच्या पत्र्यापासून नळी तयार केली, ती तबकडीच्या कडेभोवती गुंडाळली आणि वरून तागाचे कापड ताणून खिळ्यांनी पक्के केले. बेलफास्ट हे तागाच्या कापडासाठीच प्रसिद्ध शहर होते, त्यामुळे कापड घरातच होते. फुटबॉलमध्ये हवा भरायच्या पंपाने त्यांनी नळी फुगवली.

मग अंगणात चाचणी झाली. एका हाताने त्यांनी सायकलचे भरीव रबराचे चाक ढकलून दिले. ते अंगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंतही पोचले नाही, अध्येमध्येच कलंडले. तेवढाच जोर लावून हवेची तबकडी सोडली. ती पूर्ण अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आदळली आणि उलटी उसळली.

या निकालाने डनलॉप यांनाही आश्चर्य वाटले असणार, कारण त्यांना हवे होते ते आरामदायक चाक, आणि हाती आले ते कमी श्रमात जास्त दूर जाणारे चाक. कारण साधे आहे. कठीण चाकाला वाटेतल्या प्रत्येक खड्यावर चढावे लागते. चढताना ते सगळे ओझे वर उचलते आणि पलीकडे आपटते. त्या उचल-आपटीत ताकद वाया जाते. हवेचे चाक खडा स्वतःच्या पोटात घेते. ओझे जागच्या जागी राहते, चाक पुढे जाते. घोड्याचे श्रम आणि माणसाची पाठ, दोन्ही एकाच उपायाने वाचतात.

१८८८ च्या सुरुवातीला जॉनीच्या सायकलच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेच्या नळ्या बसल्या. २३ जुलै १८८८ रोजी डनलॉप यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबरला ते मंजूर झाले.

ओझे कोण उचलते?

टायरची निवड करताना ज्याचा विसर पडतो, ती गोष्ट त्या अंगणातच सिद्ध झाली होती. गाडीचे ओझे रबर उचलत नाही. ते मुख्यतः आत कोंडलेली हवा उचलते. रबर आणि त्यातले धागे हे त्या हवेचे भांडे आहे. भांडे मजबूत हवे, पण भार पेलण्याची खरी ताकद हवेचा दाब आणि तिला मिळालेली जागा यांच्यावर ठरते.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. माणसांसकट १,२०० किलो वजनाची गाडी असेल, तर प्रत्येक चाकावर साधारण ३०० किलो येतात. टायरमध्ये ३२ पीएसआय दाबाने हवा असेल, तर तेवढे वजन तोलण्यासाठी टायर रस्त्याला सुमारे १३० चौरस सेंटिमीटर टेकावा लागतो. म्हणजे जवळपास एका पोस्टकार्डाएवढी जागा. चार पोस्टकार्डांवर सगळी गाडी उभी असते, वळते आणि ब्रेक लावल्यावर थांबते. दाब कमी झाला की टायर जास्त पसरतो, प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो आणि तापतो. भर उन्हात, भरलेल्या गाडीने, महामार्गाच्या वेगात टायर फुटण्यामागे अनेकदा हीच साखळी असते.

हसणारे प्रेक्षक, हरणारे स्पर्धक

नवे टायर दिसायला विचित्र होते. बारीक भरीव पट्टीच्या जागी जाडजूड फुगीर नळी. ती जुन्या सायकलच्या काट्यात मावतही नव्हती. म्हणून बेलफास्टच्या एडलिन यांच्या कारखान्यात या टायरसाठी वेगळ्या सायकली तयार करून घ्याव्या लागल्या. चाकाभोवती मोकळी जागा किती आहे, हा प्रश्न हवेच्या टायरसोबतच जन्माला आला, आणि मोठे टायर निवडणाऱ्याला तो आजही पहिल्यांदा विचारावा लागतो.

बेलफास्टमधील एका सायकल क्लबचा कप्तान विली ह्यूम याने अशी सायकल विकत घेतली. १८ मे १८८९ रोजी क्वीन्स कॉलेजच्या मैदानावरील शर्यतींत तो उतरला, तेव्हा त्याच्या फुगीर चाकांची लोकांनी थट्टा केली. ह्यूम चारही शर्यती जिंकला. थोड्याच दिवसांनी लिव्हरपूलला जाऊन त्याने एक सोडून सगळ्या शर्यती जिंकल्या. हरलेल्यांमध्ये हार्वे डू क्रॉस या डब्लिनच्या व्यावसायिकाचे मुलगे होते. मुलांचा पराभव पाहून डू क्रॉस यांनी चौकशी केली, डनलॉप यांना गाठले आणि १८८९ च्या अखेरीस डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली. पेटंटचे हक्क कंपनीला देऊन डनलॉप यांनी १,५०० शेअर घेतले. पुढे दवाखाना सोडून ते सहकुटुंब डब्लिनला राहायला गेले.

आधीच लागलेला शोध

१८९० मध्ये कंपनीला कळवण्यात आले की डनलॉप यांचे पेटंट टिकणार नाही. त्यांच्या आधी ४० हून अधिक वर्षे, रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने हवेच्या चाकाचे पेटंट घेतलेले होते. ब्रिटनमध्ये १८४५ मध्ये, पाठोपाठ फ्रान्स आणि अमेरिकेत. थॉमसन यांनी रबर लावलेल्या कापडाची नळी चामड्याच्या आवरणात बसवली होती आणि लंडनमध्ये घोडागाडीला लावून दाखवली होती. अशा चाकांचा एक संच सुमारे १,९०० किलोमीटर चालला होता. पण तेव्हा सायकली नव्हत्या, मोटारी नव्हत्या आणि चांगले पातळ रबर महाग होते. कल्पना बरोबर होती, तिला गिऱ्हाईक नव्हते. थॉमसन १८७३ मध्ये वारले आणि त्यांचे पेटंट कागदपत्रांत पडून राहिले.

डनलॉप यांना थॉमसन यांच्या कामाची माहिती नव्हती. त्यांनी तोच शोध स्वतंत्रपणे, स्वतःच्या अंगणात लावला होता. कायद्यासमोर मात्र आधीचा दावा भारी ठरला. मूळ पेटंटचे कवच गेले, तेव्हा कंपनीला वाचवले ते हवेच्या चाकाच्या कल्पनेने नव्हे, तर टायर चाकावर बसवण्याच्या युक्त्यांनी.

डनलॉप यांच्या टायरची मोठी उणीव तीच होती. तो चाकाला चिकटवलेला, गुंडाळलेला असे. पंक्चर झाले की सगळे उसवा, नळी दुरुस्त करा आणि पुन्हा चिकटवा. रस्त्यात खिळा लागला तर दिवस वाया. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी त्यावर उपाय काढला. टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी तारेची कडी घातली आणि रिमच्या मध्यभागी खोलगट खाच ठेवली. कडीची एक बाजू खाचेत ढकलली की दुसरी बाजू रिमच्या काठावरून सहज वर चढते. हवा भरली की दोन्ही कड्या रिमच्या काठांना घट्ट दाबल्या जातात. त्याच वर्षी विल्यम बार्टलेट यांनीही टायरची कड रिममध्ये अडकवण्याची वेगळी पद्धत काढली. कंपनीने दोघांचेही हक्क मिळवले आणि धंदा तरला. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी १८९१ मध्ये काढता-घालता येणारा टायर आणला आणि १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मोटारीला हवेचे टायर लावून दाखवले. वाटेत असंख्य पंक्चर झाली, पण मोटारही हवेवर धावू शकते हे दिसले.

आज टायरच्या दुकानात यंत्रावर रिम फिरवून टायर चढवताना पाहिले, तर वेल्च यांची खाच आणि तारेची कडी जशीच्या तशी दिसते. म्हणूनच १५ इंची रिमवर १६ इंची टायर कधीही चालत नाही. तारेची कडी ताणली जात नाही आणि आवळतही नाही. तिचे आणि रिमचे माप एकच असावे लागते.

नाव राहिले, संपत्ती गेली

डनलॉप मुळात व्यापारी नव्हते. कंपनी वाढत गेली तशी तिची सूत्रे डू क्रॉस यांच्या हाती एकवटली. १८९५ मध्ये डनलॉप कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी टेरा हूली या सट्टेबाजाने ती कंपनी ३० लाख पौंडांना विकत घेतली आणि थोड्याच काळात ५० लाख पौंडांना बाजारात आणली. ज्याच्या अंगणात हे सगळे सुरू झाले, त्याच्या वाट्याला या उलाढालीतले काही आले नाही. त्यांचे नाव आणि दाढीधारी चेहरा मात्र कंपनीची ओळख म्हणून जगभर गेला. भारतातही बंगालमध्ये हुगळी जिल्ह्यातील साहागंज येथे १९३६ मध्ये डनलॉपचा कारखाना सुरू झाला. उत्तर आयर्लंडच्या एका बँकेने पुढे दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

डनलॉप यांनी उरलेले आयुष्य डब्लिनमध्ये शांतपणे घालवले. एका कापड व्यवसायात त्यांनी भागीदारी घेतली होती. हवेच्या टायरचा इतिहास आपल्या बाजूने लिहून ठेवण्याचे कामही ते करत होते. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर मुलीने प्रसिद्ध केले. ऑक्टोबर १९२१ मध्ये त्यांना थंडी बाधली आणि २३ तारखेला, फारशी पूर्वसूचना न देता, ते गेले. डब्लिनजवळच्या डीन्स ग्रेंज दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. तोवर रस्त्यांवरून घोडे कमी होऊ लागले होते आणि हवेच्या टायरवरच्या मोटारी वाढत होत्या.

मोठे चाक, कमी हवा

डनलॉप यांनी चाक आणि रस्ता यांच्यामध्ये हवेचा थर आणला. अलीकडची हौस नेमकी उलट्या दिशेने जाते. रिम जितकी मोठी आणि टायरची पट्टी जितकी बारीक, तितकी गाडी रुबाबदार दिसते. गाडीच्या बाहेरचा घेर तेवढाच ठेवायचा असेल, तर मोठ्या रिमसाठी जागा येते ती टायरच्या भिंतीतून, म्हणजेच हवेतून.

टायरवरचे आकडे हेच सांगतात. १८५/६५ आर १५ हे माप घ्यावे. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर आणि रिमचा व्यास १५ इंच. ‘आर’ म्हणजे रेडियल, म्हणजे आतले धागे एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंत आडवे गेलेले. पूर्ण चाकाचा व्यास होतो सुमारे ६२१ मिलिमीटर. याच गाडीला १६ इंची रिम बसवली, तर १९५/५५ आर १६ या टायरचा व्यासही सुमारे ६२१ मिलिमीटरच येतो, पण भिंत १०७ मिलिमीटर उरते. १७ इंची रिमवर २०५/४५ आर १७ घेतला, तर व्यास ६१६ आणि भिंत केवळ ९२ मिलिमीटर. बाहेरून चाक तेवढेच, पण खड्डा पोटात घेण्याची जागा जवळपास तीन सेंटिमीटरने घटली. खड्ड्यात रिम वाकणे, टायरच्या भिंतीला फुगा येणे आणि लांबच्या प्रवासानंतर पाठ अवघडणे, या तक्रारींचे मूळ अनेकदा इथे असते. कंबरदुखी किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांनी तर मोठी रिम निवडताना दोनदा विचार करावा.

व्यासाकडे दुर्लक्ष केले तर वेगळी अडचण येते. १७ इंची रिमवर २०५/५५ चा टायर चढवला, तर चाकाचा व्यास ६५७ मिलिमीटर होतो, मूळच्यापेक्षा जवळपास सहा टक्के जास्त. मग वेगमापकाचा काटा जो वेग दाखवायचा, त्यापेक्षा गाडी प्रत्यक्षात तेवढ्या टक्क्यांनी जास्त धावते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या भागाला घासू शकतो. एडलिनच्या कारखान्यात काटा रुंद करता आला. तयार गाडीत ती सोय नसते. नव्या चाकाचा व्यास मूळच्यापेक्षा दोन-तीन टक्क्यांहून जास्त बदलू नये, हा सर्वसाधारण दंडक आहे.

सर्वांत जास्त दुर्लक्षित असतो तो मापानंतरचा आकडा आणि अक्षर. ८८ एच असे लिहिले असेल, तर ८८ हा भारांक. त्याचा अर्थ एक टायर ५६० किलोपर्यंत भार पेलू शकतो. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. ८७ चा अर्थ ५४५ किलो, ८४ चा ५०० किलो. २०५/४५ आर १७ हे माप साध्या प्रकारात ८४ भारांकाचे मिळते. मूळ टायर ८८ चा असेल, तर प्रत्येक चाकामागे ६० किलोंची क्षमता कमी झाली. याच मापाचा ‘एक्स्ट्रा लोड’ टायर ८८ चा असतो, मात्र तो पूर्ण क्षमता ४२ पीएसआयच्या आसपास गाठतो. साधा टायर आपली पूर्ण क्षमता ३६ पीएसआयलाच गाठतो. म्हणजे असा टायर घेऊन जुन्याच दाबाची हवा भरली, तर कागदावर ८८ असूनही प्रत्यक्षात तेवढे ओझे तो उचलत नाही. जागा कमी केली तर दाब वाढवावा लागतो. हवेचा हिशेब चुकवता येत नाही.

जुना टायर पाहून नवा घेऊ नये

बाहेरून चाके बसवलेल्या गाडीचे टायर झिजले, की बहुतेक लोक जुन्या टायरवरचे माप वाचून तेच पुन्हा मागतात. गाडी वापरलेली घेतली असेल, तर हमखास तसे होते. पण आधीच्या मालकाने किंवा दुकानदाराने चुकीचे माप बसवले असेल, तर तीच चूक पुन्हा पैसे मोजून विकत घेतली जाते. सुरुवात चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या किंवा गाडीच्या माहितीपुस्तकात छापलेल्या तक्त्यापासून करावी. तिथे मूळ माप, भारांक आणि हवेचा दाब असतो. नवा टायर कोणत्याही मापाचा असो, त्याचा भारांक या मूळ आकड्यापेक्षा कमी नसावा.

दुसरी पायरी रिमची. अलॉय रिमच्या आतल्या किंवा मागच्या बाजूला १७×७ जे, ईटी ४० अशा खुणा उमटवलेल्या असतात. पहिला आकडा व्यास, दुसरा रिमची रुंदी इंचांत. टायरला चालणाऱ्या रुंदीची मर्यादा ठरलेली असते. २०५/४५ आर १७ साठी ती साधारण साडेसहा ते साडेसात इंच आहे. फार अरुंद रिमवर टायर फुगतो आणि मधूनच झिजतो, फार रुंद रिमवर भिंती ताणल्या जातात आणि काठ खड्ड्यासमोर उघडा पडतो. ‘ईटी’ म्हणजे ऑफसेट, चाक गाडीच्या आत किती आणि बाहेर किती राहील ते सांगणारे माप. ते फार बदलले तर बेअरिंगवर ताण येतो आणि स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो. बहुतेक रिमवर तिची स्वतःची भारमर्यादाही लिहिलेली असते, तीही पाहावी. बोल्टच्या छिद्रांचे वर्तुळ आणि मधले भोक गाडीच्या हबशी तंतोतंत जुळायला हवे. मधले भोक मोठे असेल, तर ते भरून काढणारी योग्य मापाची रिंग लागते, नाहीतर चाक थरथरते.

तिसरी पायरी टायरच्या वयाची. भिंतीवरच्या अंडाकृती चौकटीतले चार आकडे टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तयार झाला ते सांगतात. दुकानात बराच काळ पडून राहिलेला टायर कोरा दिसला तरी रबराने आपले वय गाठलेले असते. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत उतरली की टायर बदलावाच. आणि एका आसावरच्या दोन्ही चाकांना एकाच मापाचे, एकाच जातीचे टायर असावेत.

यानंतरही मोठी रिम हवीशी वाटली, तर ती जरूर घ्यावी. तिच्याने वळणावर गाडी जास्त नेमकी वळते, हेही खरे आहे. पण निवड करताना त्याची किंमत कळलेली असावी. खराब रस्त्यांवर, भरलेल्या कुटुंबासह, घाटातून जाणाऱ्या गाडीला मूळ मापाच्या जवळची, जाड भिंतीची जोडी बहुधा जास्त मानवते. बेलफास्टमधल्या पशुवैद्याने अंगणात तबकडी सोडली, तेव्हा ती फाटकापर्यंत गेली ती तिच्या पोटात असलेल्या हवेमुळे. दर महिन्याला, गाडी थंड असताना, तक्त्याप्रमाणे किंवा टायर बदलला असेल तर नव्या टायरच्या हिशेबाप्रमाणे हवा तपासून घेणे, हे त्या हवेचे ऋण फेडण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.